कुणाला काय कळलं : पत्त्यांच्या स्पर्धेतल्या पंचाचं काम

पश्चिम बंगालने १९५७ साली जुगारबंदीचा कायदा केला तेव्हा जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज, पोकर, रमी आणि नॅप हे पत्त्यांचे खेळ नाव घेऊन वगळले. मुंबई प्रांताचा १८८७ चा कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. तो असं एकाही खेळाचं नाव घेत नाही. निव्वळ कौशल्याच्या खेळाला आपण लागू नाही, एवढंच म्हणतो. पुढे १९६७ साली आंध्र प्रदेशातल्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं पान राखायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. रमीतलं नशीब ब्रिजमध्ये पानं वाटण्यात असतं त्याच जातीचं असतं, असंही त्या निकालात आहे.

विधिमंडळाने आणि न्यायालयाने खेळाला कौशल्याचा म्हटलं. पण शनिवार-रविवारच्या स्पर्धेत, शेकडो पत्ते वाटले जात असताना, जिंकणारा खरोखर कौशल्यानेच जिंकला की चुकून दिसलेल्या एका पानामुळे, हे पाहणारा माणूस वेगळा असतो. ब्रिजमध्ये त्याला डायरेक्टर म्हणतात, ‘मॅजिक’सारख्या जमवायच्या पत्त्यांच्या खेळात जज. नाव काहीही असो, त्याच्या कामाचा गाभा एकच आहे आणि तो बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. हा माणूस पत्त्यांपेक्षा जास्त लक्ष देतो ते माहितीकडे : कुणाला काय कळलं, केव्हा कळलं, आणि ते कळण्याचा त्याला हक्क होता का.

हे काम समजून घ्यायला कोलकात्याइतकं चांगलं शहर नाही. सियालदा आणि हावड्याच्या लोकलमध्ये मांडीवर बॅग आडवी ठेवून रंगणारे पत्त्यांचे डाव मुंबईच्या लोकलवाल्यांना लगेच ओळखीचे वाटतील; फरक इतकाच, की आपल्याकडे मेंढीकोट किंवा रमी असेल तर तिकडे ट्वेंटी-नाइन. या सवयीतूनच गल्लोगल्लीचे आणि क्लबांतले ब्रिज खेळाडू तयार होतात. १ सप्टेंबर २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ दे सरकार या कोलकात्याच्या जोडीने पुरुषांच्या जोडी प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते, दे सरकार ५६ वर्षांचे. त्यांचे गुण होते ३८४, दुसऱ्या आलेल्या चिनी जोडीचे ३७८. त्याच स्पर्धेत आपल्या पुरुष संघाला कांस्यपदक मिळालं आणि २०२३ मध्ये हांगचौला रौप्यपदक. या दोन्ही संघांत मुंबईचे जगी शिवदासानी आणि कोलकात्याचे सुमित मुखर्जी एकत्र होते.

जकार्तातलं ते सहा गुणांचं अंतर पाहिलं की पंच किती जपून वागत असेल याची कल्पना येते. एका डावातला एक निर्णय इतका फरक सहज करू शकतो.

ब्रिजच्या स्पर्धेत नशीब आधीच बाजूला काढलेलं असतं. वाटलेली पानं चार कप्प्यांच्या एका बोर्डात ठेवतात आणि तोच बोर्ड टेबलामागून टेबल फिरतो. तुम्हाला वाईट पानं आली तर दुसऱ्या टेबलावर तुमच्याच दिशेला बसलेल्यालाही तीच आली. गुण ठरतात ते त्याच पानांवर इतरांनी काय केलं याच्याशी तुलना करून. म्हणजे पत्ते सगळ्यांना सारखे. उरतं ते बोलीत आणि खेळीत भिडूला काय सांगता येतं आणि त्यातून तो काय ओळखतो. बोली ही वैध माहिती. टाकलेलं पान ही वैध माहिती. पण बोली देण्याआधी घेतलेला वेळ, सोडलेला सुस्कारा, पान जोरात आपटणं ही माहिती वैध नाही. अडचण अशी, की ती कानावर पडतेच. डोळे मिटले तरी भिडू अर्धा मिनिट घुटमळला हे कळतंच.

समजा, उत्तरेला बसलेल्याने बराच वेळ विचार केला आणि पास दिला. दक्षिणेला बसलेल्या त्याच्या भिडूने मग बोली वाढवली, आणि ती बोली नेमकी फळली. प्रतिस्पर्धी हात वर करून हाक देतो, ‘डायरेक्टर!’ नवखा पंच इथे पहिली चूक करतो : तो लगेच निकाल देऊ पाहतो. अनुभवी पंच आधी चौघांना विचारून घेतो, की घुटमळणं झालं हे सगळ्यांना मान्य आहे का. मग डाव पूर्ण करायला सांगतो. डाव संपल्यावर दक्षिणेची पानं कागदावर उतरवून घेतो आणि सभागृहात हिंडून त्याच तोडीच्या, तो बोर्ड न खेळलेल्या काही खेळाडूंना विचारतो : ही पानं, ही बोली, आता तुम्ही काय कराल? भिडू घुटमळला होता, हे मात्र तो सांगत नाही. त्यांच्यातल्या काहींनी ‘पास’ म्हटलं, तर पास हाही समंजस पर्याय होता असं ठरतं. आणि भिडूच्या घुटमळण्याने ज्या पर्यायाकडे बोट दाखवलं तोच दक्षिणेने निवडला असेल, तर निकाल बदलतो.

या पद्धतीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती दक्षिणेच्या मनात शिरत नाही. दक्षिणेने लबाडी केली असं पंच म्हणत नाही, तसं त्याला वाटतही नसतं. माणूस प्रामाणिकपणे ‘मी तर बोलणारच होतो’ म्हणत असतो आणि ते खरंही असू शकतं. नियम फक्त एवढं विचारतो, की ती माहिती नसती तर त्याच्या पातळीच्या खेळाडूंनी काय केलं असतं. म्हणूनच बदललेला निकालही कधी कधी एकाच आकड्याचा नसतो. पंच म्हणू शकतो : ती बोली झाली नसती तर साठ टक्के वेळा हा निकाल लागला असता, चाळीस टक्के वेळा तो, त्या प्रमाणात गुण द्या. न्यायदानाच्या इतर कुठल्या क्षेत्रात इतकं स्पष्टपणे शक्यतेचं गणित मांडतात, मला माहीत नाही.

रंग असूनही तो न देणं ही लोकलमधल्या डावातली भांडणाची हुकमी जागा. ब्रिजच्या २०१७ च्या नियमावलीत याचा हिशोब ठरलेला आहे : चूक करणाऱ्याने स्वतः तो हात जिंकला असेल तर सहसा दोन हात समोरच्यांना जातात, ज्या हातात चूक झाली तो किंवा त्यानंतरचा हात त्या बाजूने जिंकला असेल तर एक. पण इथेच नियमावली थांबत नाही. ठरलेल्या हातांपेक्षा प्रत्यक्ष नुकसान मोठं झालं असेल तर पंचाने ते भरून द्यावं, असंही ती सांगते. नियमावलीच्या प्रस्तावनेतच भूमिका मांडली आहे, की हे नियम मुख्यतः शिक्षा करण्यासाठी नाहीत, निर्दोष बाजूचं नुकसान दुरुस्त करण्यासाठी आहेत.

मुद्दाम केलेली लबाडी हा वेगळा विषय, आणि तुलनेने दुर्मीळ. मोठ्या स्पर्धांत टेबलावर कर्णाच्या रेषेत पडदा लावतात, त्यामुळे भिडू भिडूला दिसत नाही. आवाज टाळण्यासाठी बोली तोंडाने न देता छापील कार्डं ठेवून देतात. तरीही २०१३ मध्ये बालीतल्या ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत एका जर्मन जोडीचा खोकला संशयाचा विषय झाला आणि २०१४ मध्ये जागतिक ब्रिज महासंघाने त्या जोडीला सांकेतिक खोकल्याबद्दल दोषी ठरवलं. पडद्याने नजर अडते, घसा अडत नाही.

आता जमवायच्या पत्त्यांकडे येऊ. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आठवत असतील. तिथे सगळा खेळ उंची, वजन, क्रमवारी या आकड्यांचा होता आणि वाद झालाच तर पत्त्यावर पाहिलं की मिटत असे. ऑगस्ट १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ बाजारात आला आणि पत्त्यांचं स्वरूपच बदललं. इथे प्रत्येक खेळाडू आपली गड्डी घरून घेऊन येतो. किमान ६० पत्ते, आणि साध्या जमिनीचे पत्ते सोडले तर एकाच नावाचे चारांहून अधिक नाहीत. निवडायला पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळे पत्ते. ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ आला. त्यात गड्डी बरोब्बर ६० ची, आणि अधिकृत स्पर्धा चालवणाऱ्यांना ‘प्रोफेसर’ म्हणतात.

ब्रिजचे नियम एका पातळ पुस्तकात मावतात. मॅजिकमध्ये नियम पत्त्यावरच लिहिलेला असतो, आणि पत्ता व मूळ नियम यांत विरोध आला तर पत्ता जिंकतो. मी जेव्हा जेव्हा याचा विचार करतो तेव्हा मला आपली गंजिफा आठवते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आणि बांकुडा जिल्ह्यातल्या बिष्णुपूरचे दशावतारी पत्ते, दोन्ही गोल, दोन्हीत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. आकड्यांच्या पानांत अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटा आणि एक्की मोठी. सावंतवाडीच्या गंजिफात दिवसा खेळताना रामाचा रंग अग्रमानाचा, रात्री कृष्णाचा. यातलं काहीही पानावर लिहिलेलं नसे. सगळं खेळणाऱ्यांच्या डोक्यात. गंजिफा खेळणाऱ्याला नियम आठवावे लागत. मॅजिकच्या जजला ते पंचवीस हजार ठिकाणांहून येऊन एकमेकांवर आदळताना सोडवावे लागतात.

हा गुंता किती खोल आहे हे २०१९ मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी एका शोधनिबंधात सिद्ध केलं. स्पर्धेत चालणारे पत्ते वापरून टेबलावर अशी मांडणी करता येते, की ती एखाद्या संगणकासारखी आपोआप चालत राहते, आणि शेवटी कोण जिंकेल हे सर्व मांडण्यांसाठी ठरवून देणारी एकही रीत असूच शकत नाही. कितीही ताकदीचं यंत्र आणा, हे उत्तर काढण्याची हमी कुणी देऊ शकत नाही. प्रत्यक्ष स्पर्धेत असं टेबल येत नाही, कारण जजला फेरी पन्नास मिनिटांत आटपायची असते आणि फिरत राहणाऱ्या चक्रांसाठी वेगळे नियम आहेत : चक्र थांबवणं कुणाच्याच हातात नसेल तर डाव बरोबरीत, थांबवता येत असेल तर खेळाडूने किती वेळा फिरवणार ते आकड्यात सांगायचं आणि पुढे जायचं.

प्रादेशिक पातळीच्या स्पर्धेत जजचं काम पहिला पत्ता पडण्याआधी सुरू होतं. प्रत्येकाने आपल्या गड्डीची यादी लिहून दिलेली असते. फेरीला खेळाडू बसून पत्ते पिसत असतानाच जज एखाद्या टेबलावर येतो, दोन्ही गड्ड्या उचलतो आणि बाजूला नेऊन यादीशी ताडून पाहतो. यात गेलेला वेळ त्या टेबलाला वाढवून मिळतो. मोजणी सोपी असते. खरी नजर लागते ती पत्त्यांच्या कडांवर. पत्ते प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेले असतात. गड्डी आडवी धरून बाजूने पाहिली की कुठलं पाकीट झिजलंय, कुठल्याचा कोपरा मुडपलाय हे दिसतं. खुणा इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर पाकिटं बदलायला सांगून काम भागतं. पण नेमक्या सर्वांत उपयोगी चार पत्त्यांचीच पाकिटं वेगळी दिसत असतील, तर ती गड्डी पिसली काय, न पिसली काय, सारखंच.

कोलकात्यासारख्या दमट शहरात, आणि पावसाळ्यात आपल्या मुंबई-कोकणातही, यात एक खास अडचण असते. चकचकीत पत्त्याला पुढून धातूसारखा थर असतो आणि मागे कागद. दमट हवेत कागद ओलावा शोषून फुगतो, वरचा थर फुगत नाही, आणि पत्ता चकचकीत बाजूकडे वळतो. साध्या पत्त्यांच्या गड्डीत असे तीन-चार वळलेले पत्ते असले की कापताना बोट तिथेच थांबतं. खेळाडूचा काहीही दोष नसतो. महागाचा, हौसेने घेतलेला पत्ता असतो. तरी जजला तो बदलायला सांगावाच लागतो, कारण पाठ वरच्या बाजूला असलेला पत्ता ओळखू येणं म्हणजे हक्क नसलेली माहिती मिळणं. स्पर्धेतच पत्ता चुकून खराब झाला तर मुख्य जज त्याच्या जागी वापरायला तात्पुरता बदली पत्ता करून देऊ शकतो. घरून झेरॉक्स आणलेला मात्र चालत नाही.

डाव सुरू झाला की बोलावणी येऊ लागतात. त्यांतलं नेहमीचं : एकाने घ्यायचा तेवढा एक पत्ता सोडून दोन घेतले, आणि ते हातातल्या पत्त्यांत मिसळून गेले. आता कोणता जादा, हे कुणालाच सांगता येत नाही. पूर्वी अशा वेळी तो डाव थेट गमवावा लागे. लबाडाला वचक बसे, पण दमलेल्या, गडबडलेल्या पोरालाही तेवढीच शिक्षा. आता दुरुस्ती वेगळी आहे. चुकणाऱ्याने हातातले पत्ते प्रतिस्पर्ध्याला दाखवायचे, आणि जादा म्हणून कोणता पत्ता परत जाईल हे प्रतिस्पर्ध्याने निवडायचं. वर एक ताकीद. अर्थातच तो सर्वांत चांगला पत्ता काढतो. चुकीचा फायदा उरत नाही, उलट थोडा तोटाच होतो, आणि डाव पुढे चालू राहतो. हा बदल झाला तेव्हा ‘नियम मऊ झाले’ अशी ओरड झाली. मला तो या नियमपुस्तकातला सर्वांत शहाणा बदल वाटतो. ब्रिजवाल्यांना कधीपासून ठाऊक असलेली गोष्ट यात पत्करली गेली : बिघडलेलं आधी दुरुस्त करा.

जजने काही वेळा गप्पही राहायचं असतं, आणि ते शिकायला वेळ लागतो. पत्त्यावरचा एखादा परिणाम आपोआप घडायचा असतो आणि त्याचा मालक तो विसरतो. प्रतिस्पर्ध्याने आठवण करून द्यायची सक्ती नसते. शेजारी उभ्या असलेल्या जजला सगळं दिसत असतं. पण तो परिणाम मालकाच्या फायद्याचा असेल तर जजने बोलायचं नाही; लक्षात ठेवणं हे त्या खेळाडूचं कौशल्य, आणि ते त्याला उसनं देता येत नाही. हीच विसरभोळेपणाची घटना मालकाच्या तोट्याच्या परिणामाबाबत घडली तर जज मध्ये पडतो, कारण विसरण्यातून फायदा होऊ लागला तर विसरणं हीच युक्ती होईल.

शेवटच्या फेऱ्यांत एक वेगळंच संकट येतं. वेळ संपते, सामना बरोबरीत अडकतो, आणि बरोबरीने दोघंही बाद होणार असतात. आपल्याकडे वाढलेल्या कुठल्याही मुलाच्या तोंडी येणारं वाक्य तेव्हा ऐकू येतं : ‘चल, छापा-काटा करू.’ गल्लीत हा न्याय्य मार्ग. स्पर्धेत नाण्याने किंवा फाशाने विजेता ठरवला तर दोघांचाही सामना जातो. हे निषिद्ध आहे हे माहीत असून केलं असेल तर स्पर्धेतूनच बाहेर. सुरुवातीला उल्लेख केलेल्या कायद्यांच्या संदर्भात याचा अर्थ लागतो : ज्या क्षणी नाणं उडतं, त्या क्षणी तो कौशल्याचा खेळ राहत नाही. म्हणून चांगला मुख्य जज शेवटच्या फेऱ्यांआधी मोठ्याने सांगून ठेवतो, की बरोबरी घेण्याची मुभा आहे, पण नाणं उडवू नका आणि पैसे किंवा बक्षीस देऊन सामना सोडायला सांगू नका. पहिल्यांदा स्पर्धेला आलेल्या शाळकरी मुलाला हे आधी कळणं हा त्याचा हक्क आहे असं मी मानतो.

निर्णय पटला नाही तर दाद मागता येते. ब्रिजमध्ये अपिलाची तरतूद नियमावलीतच आहे. मॅजिकमध्ये टेबलावरच्या जजचा निर्णय मान्य नसेल तर मुख्य जजला बोलवा. त्याचा शब्द त्या दिवसापुरता शेवटचा. आपला निर्णय फिरवला गेला म्हणून टेबलावरच्या जजने नाराजी दाखवायची नसते.

राहिला प्रश्न खऱ्या लबाडीचा. मॅजिकच्या नियमात त्यासाठी दोन गोष्टी लागतात : खेळाडूला आपण चूक करतोय हे माहीत होतं, आणि त्याने ती फायद्यासाठी केली. दोन्ही मनातल्या. म्हणून जज दोघांना वेगळं काढून विचारतो, क्रमाने काय घडलं ते पुन्हा सांगायला लावतो, आणि त्या क्षणी त्या चुकीने कुणाचा फायदा होत होता हे पत्त्यांवरून पाहतो. एका टेबलावरून हे क्वचितच स्पष्ट होतं. त्यासाठी प्रत्येक ताकीद लिहून ठेवतात : फेरी, टेबल, चूक, खेळाडू. एकाच प्रकारच्या खेळातल्या चुकीबद्दल एका दिवसात तिसरी ताकीद झाली की ती आपोआप डाव गमावण्यात बदलते. संध्याकाळी मुख्य जज त्या नोंदी एकत्र वाचतो. पहिल्या फेरीत जादा पत्ता, चौथीत जादा पत्ता, सातवीत पुन्हा, आणि दर वेळी डाव निसटत असताना. तीन वेगवेगळ्या जजनी तीन टेबलांवर तीन प्रामाणिक चुका पाहिलेल्या असतात. चौकशीसाठी खुर्ची पुढे ओढायची की नाही, हे मुख्य जज त्या कागदांवरून ठरवतो.